हजेरीपटापासून प्रबंधापर्यंत



एका दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहिलेल्या वक्त्याने प्रथम त्या शिक्षकाचे गुणवर्णन करावे असा शिरस्ता आहे. परंतु ज्यांच्या हाताखाली या सभागृहातील निम्मे श्रोते मुळाक्षरे गिरविण्यास शिकले, त्यांच्याविषयी आपणा सर्वांस जे ठाऊक आहे त्यात मी भर घालू शकेन असे मला वाटत नाही. म्हणून मी त्यांचे स्मरण वेगळ्या मार्गाने करणार आहे. शाळेत शिकविणारा मनुष्य पुढे संशोधकांना घडविणारा मार्गदर्शक कसा होतो, या वाटचालीत त्याच्याजवळचे काय टिकते आणि काय गळून पडते, आणि शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या आपल्या या डोंगराळ मुलुखातील शिक्षकाला ती वाट मोकळी आहे काय, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. माझ्या स्वतःच्या आयुष्याची पहिली वर्षे याच बाजूच्या शाळांत फळा आणि खडू यांच्या संगतीत गेली व पुढील वर्षे विद्यापीठात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचण्यात गेली, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे मी समजतो.

आपल्या समाजात शिक्षणक्षेत्रातील हुद्द्यांची एक उतरंड लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. तळाशी प्राथमिक शिक्षक, त्याच्यावर माध्यमिक शिक्षक, त्याच्यावर महाविद्यालयातील प्राध्यापक आणि सर्वांच्या वर संशोधनाचा मार्गदर्शक, अशी ती रचना असून वरच्या पायरीवर गेलेल्या मनुष्याने खालची पायरी विसरावी, किंबहुना ती आपल्या आयुष्यात होती हेच कोणाला कळू देऊ नये, असा अलिखित संकेत पडून गेला आहे. हा संकेत मला सर्वथा खोटा वाटतो. ज्याने चौथीच्या वर्गातील मुलाच्या चुकलेल्या भागाकारात तो नेमका कोणत्या ठिकाणी घसरला हे शोधून काढण्याचा अभ्यास केला आहे, त्याच्याइतका चांगला मार्गदर्शक प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणे कठीण, असे माझे मत आहे. आणि त्या मताला महाराष्ट्राच्या विद्याक्षेत्रातील एका थोर पुरुषाच्या चरित्राचा भक्कम आधार आहे. तो पुरुष म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. रत्नागिरीच्या शाळेत व नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याच्या पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर भांडारकरही होते. विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरास त्या काळी मामलेदारी मिळणे किंवा न्यायखात्यात शिरणे अवघड नव्हते. भांडारकरांनी मात्र शिक्षणखाते पत्करले, आणि तेही शाळेपासून. सिंधमधील हैदराबाद येथे १८६४ साली ते हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची बदली रत्नागिरीस, जेथे ते स्वतः शिकले त्या गावी, मुख्याध्यापक म्हणूनच झाली.

या मुख्याध्यापकीच्या काळातील त्यांचे जे कार्य आहे त्याकडे चरित्रकार घाईने पाहून पुढे जातात. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते, कारण पुढे जे भांडारकर जगाला दिसले त्यांची घडण येथेच झालेली आहे. संस्कृत शिकावयाचे म्हणजे अमरकोश, रूपावली आणि मागाहून कौमुदी तोंडपाठ करावयाची, अर्थ पुढे केव्हातरी आपोआप उलगडेल, अशी पाठशाळांची परंपरा होती. आणि ती परंपरा ज्यांना बारा बारा वर्षे गुरुगृही राहणे शक्य आहे अशा विद्यार्थ्यांसाठी होती. हायस्कुलात आठवड्यातून काही तासच संस्कृत शिकणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नव्हता. भांडारकरांनी या मुलासाठी दोन पुस्तके लिहिली. पहिले 'मार्गोपदेशिका' आणि दुसरे 'संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका'. प्रत्येक धड्यात थोडेसे नियम, त्या नियमांपुरतेच शब्द, आणि लगेच भाषांतराची वाक्ये, अशी त्यांची मांडणी आहे. शिकविलेल्या गोष्टीचा आधार घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कोठेच येत नाही, आणि विद्यार्थ्याला अजून ठाऊक नसलेले काही त्याच्यावर लादलेले नाही. महाराष्ट्रातील अनेक पिढ्या याच दोन पुस्तकांवर संस्कृत शिकल्या. शालेय पुस्तक लिहिणे हे विद्वानाचे हलके काम मानणाऱ्यांनी ही दोन पुस्तके समोर ठेवून पाहावीत, कारण एखाद्या विषयाचा क्रम लावावयाचा तर तो विषय मुळापर्यंत समजलेला असावा लागतो, आणि भांडारकरांच्या पुढील सर्व ग्रंथांत जो निर्दोष क्रम दिसतो त्याचा सराव त्यांना या पुस्तकांनी घडविला असे मी मानतो.

पुढे ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. परंतु ती जागा कायम करण्याची वेळ आली तेव्हा सरकारने विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांची नेमणूक केली, आणि आधीच ते काम उत्तम रीतीने करीत असलेल्या भांडारकरांना दुय्यम जागेवर राहावे लागले. हा अन्याय उघड होता. त्यांनी त्याचे उत्तर कामाने दिले. १८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस ते स्वतः जाऊ शकले नाहीत, पण नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा त्यांचा निबंध तेथे गेला. १८८२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. १८८४ साली त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला, जो पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही समाविष्ट करण्यात आला. १८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. १८९३ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पदव्यांची ही यादी मी त्यांच्या गौरवार्थ वाचीत नाही. ज्याने स्वतः कोणाच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिला नव्हता, आणि ज्याच्या काळी आपल्या विद्यापीठात तशी सोयही नव्हती, त्या शाळामास्तराने संशोधनाची शिस्त कोठून आणली, हा माझा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर त्यांच्या १८८८ सालच्या एका व्याख्यानात सापडते. चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धती हा त्या व्याख्यानाचा विषय होता. साक्षीपुरावा तोलणाऱ्या न्यायाधीशाच्या वृत्तीने इतिहासकाराने वागले पाहिजे, आपल्या लाडक्या मताला अनुकूल असलेल्या पुराव्याकडे अधिकच संशयाने पाहिले पाहिजे, ही भूमिका ते आयुष्यभर सांगत आले आणि पाळीत आले. आता असे पाहा की, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रामाणिक शिक्षकालाही नेमकी हीच वृत्ती बाळगावी लागते. आवडत्या विद्यार्थ्याच्या उत्तराकडे तो जरा अधिक कडक नजरेने पाहतो, आणि नावडत्याच्या उत्तरातील खरा भाग चुकून सुटू नये म्हणून दुसऱ्यांदा वाचतो. भांडारकरांची न्यायबुद्धी वर्गात तयार झाली होती, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

एकट्या भांडारकरांचेच हे उदाहरण आहे असेही नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी वकिली पत्करण्यापूर्वी रत्नागिरीच्या सरकारी शाळेत आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकाची नोकरी केली होती. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झालेला धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा आणि १९६३ साली भारतरत्न झालेला हा पंडित प्रथम शाळेतील मुलांसमोर उभा राहिला होता.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. भांडारकरांनी ज्या सातवाहन राजांचा इतिहास जुळविला, त्या राजांचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मुरबाड तालुक्याच्या वेशीवर आहे. वैशाखरे गावाजवळून जी पायवाट नाणेघाटात चढते, तिच्या माथ्याशी, जुन्नरच्या हद्दीला लागून, एक कोरीव लेणे असून त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख आहे. केलेल्या यज्ञांची, दिलेल्या गाईंची, घोड्यांची आणि नाण्यांची त्यात मोजदाद आहे. आणि ही मोजदाद अंकांत असल्यामुळे भारतीय अंकचिन्हांच्या अभ्यासात या लेखाला मोठे स्थान मिळाले आहे. शेजारीच राजपुरुषांच्या प्रतिमा होत्या. त्यांची नावे वर कोरलेली आहेत, पण मूर्ती नष्ट होऊन आज केवळ पावलांचे अवशेष उरले आहेत. या लेखाचे वाचन करणाऱ्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव अग्रगण्य आहे. जुनागढच्या या विद्वानाने विद्यापीठाची कोणतीही परीक्षा दिली नव्हती; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईस आणले, स्वतःजवळ ठेवले आणि शिलालेखांच्या शोधार्थ देशभर पाठविले. हे भाऊ दाजीही वैद्यकाकडे वळण्यापूर्वी एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत असत. पुढे १८८२ साली आपल्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच सोपारा येथील स्तूप भगवानलालांनी उकरून काढला, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ठाण्याच्या गॅझेटियरला त्यांच्या विद्वत्तेचा लाभ झाला. मार्गदर्शक आणि शिष्य हे नाते विद्यापीठाच्या नियमावलीपूर्वी आपल्याकडे किती समर्थपणे नांदत होते याचा हा दाखला आहे. नाणेघाटाच्या पायथ्याच्या शाळांतून दरवर्षी मुले सहलीला वर जातात आणि जकातीचा दगडी रांजण पाहून खाली येतात. त्यांपैकी एखाद्याला तरी तो लेख दाखवून, हे अंक तुझ्या पाटीवरील अंकांचे पूर्वज आहेत, असे सांगणारा शिक्षक भेटो, एवढी इच्छा मी येथे बोलून ठेवतो.

भांडारकरांच्या उत्तरायुष्याविषयी एवढेच सांगतो की, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली, आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाचा आरंभ १९१९ साली त्यांच्या हस्ते झाला. ते काम १९६६ साली पुरे झाले. भांडारकर १९२५ सालीच निवर्तले होते. म्हणजे ज्या कामाचा शेवट पाहणे आपल्या नशिबी नाही हे ठाऊक असताना त्यांनी ते सुरू करून दिले. चौथीच्या मुलाला शिकविणारा शिक्षकही हेच करीत असतो.

विद्यापीठीय संशोधनाच्या मार्गदर्शनाला आजचे रूप पुढील पिढीत आले, आणि त्यात मालवणच्याच मातीतले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे स्थान अनन्य आहे. १९२४ पासून १९५९ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते, आणि इरावती कर्वे, म. न. श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारखे परस्परांहून सर्वथा भिन्न मतांचे संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ही भिन्नताच मला त्यांच्या मार्गदर्शनाची खरी साक्ष वाटते. ज्याचे सगळे शिष्य त्याच्यासारखेच बोलतात त्याने शिष्य घडविले नाहीत, अनुयायी जमविले, असे म्हणावे लागते. घुर्ये यांनी स्वतः महादेव कोळ्यांवर ग्रंथ लिहिला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. कातकऱ्यांवरील वेलिंग यांचे पुस्तक १९३४ सालचे, आणि सह्याद्रीतील ठाकरांवरील ल. ना. चापेकरांचा ग्रंथ १९६० सालचा. म्हणजे शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर जे लोक राहतात त्यांच्याविषयी विद्वानांनी फार पूर्वीच लिहिले आहे. पलीकडे बदलापूरला तर नारायण गोविंद चापेकरांनी न्यायखात्यातून निवृत्त झाल्यावर आपल्या गावाचा संपूर्ण अभ्यास, घरे, शेते, जाती, धंदे, कर्ज, सण यांच्यासह, १९३३ साली ग्रंथरूपाने सादर केला, आणि तो कोणत्याही पदवीसाठी लिहिलेला नव्हता. माझी खंत एवढीच की, या साऱ्या ग्रंथांत ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांच्यातून लिहिणारा क्वचितच उभा राहिला.

येथे माझ्या कामाविषयी थोडे सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत शाळेत नोकरी करून संशोधन करणारे पुष्कळ असत, आणि ते सारे एकाच भयाने ग्रासलेले असत. आपण मोठे शब्द वापरले नाहीत तर आपला प्रबंध प्रबंध वाटणार नाही, हे ते भय. पहिल्या प्रकरणात परदेशी विद्वानांच्या व्याख्या एकाखाली एक लिहिलेल्या असत, आणि ज्या शाळेत त्या विद्यार्थ्याची हयात गेली तिच्याविषयी एक ओळही नसे. अशा विद्यार्थ्याला मी ते प्रकरण बाजूला ठेवावयास सांगत असे, आणि तुझ्या वर्गातील कोणते मूल तुला सर्वांत अधिक कोड्यात टाकते ते सांग, असे विचारीत असे. त्या प्रश्नानंतर जे बोलणे सुरू होई त्यातून प्रबंधाचा विषय निघे. हा उपाय मला विद्यापीठाने शिकविलेला नाही. तो मी शाळेतून बरोबर नेला होता.

आणि कोड्यात टाकणारी मुले या दोन तालुक्यांत थोडी नाहीत. भातकापणी होऊन दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात, आणि ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. हजेरीपटात नावापुढे सलग गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. सरकारने हंगामी वसतिगृहांची तजवीज केली, आश्रमशाळा काढल्या, शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे. तरीही आईबापांबरोबर गेलेले मूल सहा महिन्यांनी परत येते तेव्हा त्याच्या वाचनातील नेमके काय पुसले गेलेले असते आणि काय शिल्लक असते, मोजमापात आणि हिशेबात ते भट्टीवर काय शिकून येते, याचा बारकाईने अभ्यास त्याच्या शिक्षकावाचून कोण करणार? घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणारे मूल पाठ्यपुस्तकातील मराठीपुढे गप्प बसते, त्या गप्प बसण्यात अज्ञान किती आणि परकेपणा किती, हा दुसरा प्रश्न. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले तेव्हा त्याचे पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ होते. तरी त्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले, आणि विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली असता वंचित घरांतील मुलांचे आकलन सुधारते, हे त्यांच्या केंद्राने अभ्यासाने दाखविले. आज त्याच केंद्रात विज्ञानशिक्षणात डॉक्टरेट करता येते. तिसरा प्रश्न पाण्याचा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांना टँकर. हंडा घेऊन गेलेल्या मुलीचे शाळेतील दिवस किती बुडतात, हे तिच्या शाळेचे दप्तर सांगू शकते.

असे प्रश्न पाहणारी नजर आपल्या शिक्षकांत आहे, याचा पुरावा मुरबाड तालुक्यातच आहे. फांगणे गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन, दुपारच्या वेळी अक्षरे गिरवू लागल्या, आणि देशोदेशीची वर्तमानपत्रे ते पाहावयास आली. बातमी झाली, अभ्यास व्हावयाचा आहे. ऐंशी वर्षांच्या हाताला अक्षराचे वळण कसे येते, नातवाबरोबर वाचणाऱ्या आजीच्या घरात पुस्तकाचे स्थान कसे बदलते, यावर पहिल्या प्रतीचा प्रबंध होऊ शकतो, आणि तो फांगण्याच्या परिसरातल्याच कोणी लिहावा असे मला मनापासून वाटते. याच तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह हुतात्मा झालेले भाई कोतवाल हे क्रांतिकारक म्हणून आपणा सर्वांस वंद्य आहेत. त्यांनी माथेरानच्या परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, ही गोष्ट मात्र आपण कमी वेळा सांगतो, आणि त्या शाळांचा इतिहासही कोणीतरी लिहावयास हवा.

अडचणी मला ठाऊक आहेत. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून शिक्षकाला वेळ उरत नाही, आणि विद्यापीठ येथून दूर आहे. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी नोकरीत असलेल्या मनुष्याला, त्याच्या कचेरीने नाहरकत दिल्यास, अर्धवेळ पीएच.डी. करण्याची मुभा ठेवली आहे. एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असावेत अशी मर्यादाही आहे. त्या मर्यादित जागांपैकी काही जागा दरवर्षी ग्रामीण शाळांतील शिक्षकांच्या वाट्यास याव्यात, आणि त्यांना मराठीत प्रबंध लिहिण्यास उत्तेजन मिळावे, अशी माझी विद्यापीठांतील मार्गदर्शकांना विनंती आहे. नाहरकतीचे अर्ज कचेरीत महिनोन् महिने पडून राहू नयेत, अशी विनंती शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यांना आहे.

आणि शेवटची विनंती येथे बसलेल्या मुख्याध्यापकांना. आपल्या शाळांच्या कपाटांत जुने हजेरीपट, दाखल-खारीज नोंदवह्या आणि तपासणीची शेरेबुके धूळ खात पडलेली आहेत. जागा होत नाही म्हणून ती रद्दीत घालू नका. कोणत्या वर्षी कोणत्या पाड्यावरून पहिली मुलगी शाळेत आली, कोणती मुले कधी गळाली, दुष्काळाच्या वर्षी पट किती खाली गेला, हे सारे त्यांतच आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही दप्तरात ते नाही. वाळवीपासून जपून, वर्षवार लावून, कोरड्या जागी ती ठेवा, आणि आपल्या शाळेतील एखाद्या तरुण शिक्षकाला ती वाचण्यासाठी मोकळी करून द्या.